गोरखचिंचेचं थ्रीडी मॉडेल : एका झाडाची दोन खोडं झाली!

चित्रकलामास्तर (ऑगस्ट)
नमस्कार मंडळी. वसईकडे शाळेत चित्रकला शिकवतो. शाळेमागे जुनी गोरखचिंच (बाओबाब) आहे. सहावीतल्या पाच पोरांनी हात धरून कडं केलं तरी खोड कवेत येत नाही. तिचं वीतभर उंचीचं मॉडेल छापून वर्गात ठेवायचंय. 140 फोटो काढून मेशरूममध्ये (फोटोंवरून थ्रीडी मॉडेल करणारं सॉफ्टवेअर) टाकले. लॅपटॉप रात्रभर घरघरत होता. सकाळी बघतो तर एकात एक घुसलेली दोन खोडं आणि वर फांद्यांऐवजी निळा-हिरवा कापूस! निम्मे फोटो मी सकाळी काढले, निम्मे भाच्याने संध्याकाळी त्याच्या फोनवर काढून मेसेजवरून पाठवले. काय चुकलं?

वीरगळवाला
मास्तर, खरं सांगू? बरंच काही. :)
सॉफ्टवेअरला झाड कळत नाही. वेगवेगळ्या फोटोंत तोच ठिपका सापडला, की त्यावरून कॅमेरा कुठे उभा होता हे ते काढतं आणि मग ठिपक्याची जागा. सकाळी एका अंगाला ऊन, संध्याकाळी दुसऱ्या. दोन्ही गठ्ठ्यांचा मेळच बसला नसणार. शिवाय मेसेजवरून फोटो बारीक होऊन येतात, लेन्सची माहितीही गळते. एकच फोन, झूम नाही, एक्सपोजर लॉक (म्हणजे फोटोंचा उजळपणा बदलत नाही), आणि दिवस ढगाळ. खोडाभोवती बसून एक फेरी, उभ्याने एक, काठीला फोन बांधून एक. दर दोन पावलांवर फोटो, आधीच्यातला पाऊण भाग पुढच्यात दिसलाच पाहिजे. मग लांबून पूर्ण झाड.
मी वीरगळांची मॉडेलं करतो. दगड वाऱ्यावर हलत नाही, एवढं माझं सुख.

काटेसावर
सर, तंत्र बरोबर आहे, पण ऑगस्टमध्ये करूच नका. पान हललं की ठिपका हलला, म्हणून तो कापूस. गोरखचिंच हिवाळ्यात पानं टाकते आणि पावसाळा जवळ येईपर्यंत उघडीच असते. फेब्रुवारीत वारा नसलेली सकाळ बघा, ऊन चढायच्या आत.
आणि नुसत्या फोटोंवरून मोजमाप कळत नाही. खोडाला टेकवून एक मीटरची पट्टी ठेवा. आम्ही वनशास्त्रवाले 1.37 मीटर उंचीवर घेर मोजतो, तो टेपनेही घ्या, म्हणजे पडताळा होईल.

चित्रकलामास्तर (फेब्रुवारी)
थांबलो आणि जमलं! 212 फोटो, एकच खोड. टेपने घेर 8.62 मीटर, मॉडेलमध्ये 8.57. एक गंमत म्हणजे, ज्या बाजूला पोरांनी कर्कटकाने नावं कोरलीत (त्यावरून मी किती ओरडलोय!) तीच सगळ्यात स्वच्छ आली, गुळगुळीत बाजू खडबडीत. शेंड्याच्या काटक्या मात्र तुटक. त्यांचं काय करू?

वीरगळवाला
नावांचे ठिपके पक्के सापडतात ना! पोरांना सांगू नका म्हणजे झालं. काटक्या सरळ छाटून टाका. वीतभर मॉडेलमध्ये त्या केसाएवढ्या होतील, छापताना मोडतीलच.

चित्रकलामास्तर
आणि खोड भरीव छापायचं की पोकळ?

काटेसावर
पोकळ, सर. म्हाताऱ्या गोरखचिंचा बऱ्याचदा आतून पोकळ असतात, कोणी चूक काढणार नाही.