आईबाबांच्या खिशातलं कार्ड

प्रेषक: ज्येष्ठ मंडळी समिती

नमस्कार मंडळी,
उन्हाळ्यात बऱ्याच जणांचे आईबाबा भारतातून इथे अमेरिकेत येतायत. सकाळी एकटे फिरायला जातात, इंग्लिश जमतंच असं नाही, म्हणून खिशात ठेवायला छोटं कार्ड छापतोय. नाव, घरचा पत्ता, मुलाचा किंवा मुलीचा फोन. दोघातिघांनी सुचवलंय की सध्याचं वातावरण बघता "आम्ही हिंदू आहोत, मुस्लिम नाही" असंही त्यावर टाकावं. शुक्रवारपर्यंत मतं कळवा.

---

उत्तर: एक जुने सभासद

ताई, कार्ड कराच, पण ती शेवटची ओळ प्लीज टाकू नका.

अलाबामातल्या मॅडिसनची केस आठवा, फेब्रुवारी २०१५. सुरेशभाई पटेल, वय ५७, गुजरातहून नातवाला सांभाळायला आले होते. सकाळी मुलाच्या घराजवळ फुटपाथवर चालत होते, आणि कुणीतरी पोलिसांना फोन केला की एक हडकुळा काळा माणूस इथे फिरतोय. पोलिस आले, हे बिचारे "नो इंग्लिश", "इंडिया" एवढंच म्हणत राहिले, घराकडे हात करून दाखवत होते, आणि पोलिसाने त्यांचे हात मागे धरून त्यांना तोंडावर खाली आपटलं. मानेला इतका मार बसला की अंग लुळं पडलं. पोलिसांच्या गाडीच्या कॅमेऱ्यात सगळं रेकॉर्ड झालंय. गव्हर्नरनी माफी मागितली, पण फेडरल खटल्यात दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये जजनी त्या पोलिसाला सोडून दिलं. आता सांगा, इथे धर्माच्या ओळीने काय झालं असतं? फोन करणाऱ्याला फक्त रंग दिसला होता.

२०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोतला नावाचा आपला तरुण मारला गेला, तो हिंदूच होता, गोळी घालणाऱ्याला तो इराणी वाटला. ९/११ नंतर चारच दिवसांनी ॲरिझोनात बलबीरसिंग सोधींना मारलं, ते शीख. मारणारा आधी कार्ड मागत नाही हो.

आणि समजा वाचून समोरचा शांत झालाच, तर आपण त्याला लिहून काय दिलं? की माणूस चुकलास, आमच्या पलीकडच्या घरात बघ. त्या पलीकडच्या घरातली मुलं आपल्या मुलांच्या स्कूल बसमध्ये बसतात. मला हे लिहून द्यायची लाज वाटते, अगदी मनापासून सांगतो.

हे पूर्वी करूनही झालंय. भगतसिंग थिंद, शीख, अमेरिकन सैन्यात होते, त्यांना नागरिकत्व मिळावं म्हणून कोर्टात मांडलं गेलं की हे उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणजे गोऱ्यांतच धरा. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने नाही म्हटलं, वर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळालेलं त्यातल्या बऱ्याच जणांचं सरकारने काढूनही घेतलं. पुढे १९४६ पासून भारतातून इथे स्थायिक व्हायला वर्षाला १०० जणांचा कोटा होता. तो सुटला १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि त्याच वर्षी अलाबामातल्याच सेल्मात काळ्या लोकांनी मतदानाच्या हक्कासाठी लाठ्या खाल्ल्या, त्या चळवळीने हवा बदलली म्हणून तो कायदा झाला. आपण बहुतेक सगळे त्याच दारातून आत आलो, आणि घर घेताना पहिला प्रश्न काय विचारतो, तर "त्या एरियात कल्लू किती आहेत". पोरं ऐकत असतात.

---

उत्तर: नवीन सभासद, आई सध्या इथेच

काका, इतिहास पटला, पण मी त्या ओळीच्या बाजूने आहे. मागच्या वर्षी पार्कजवळ गाडीतून एकजण आईवर ओरडला, हातातला कप फेकला, चहा-कॉफी काहीतरी साडीवर उडालं. नंतर ती महिनाभर खाली उतरली नाही, खिडकीतून बघत बसायची. तिला परत बाहेर काढायला जे काय लागेल ते मी करीन. तत्त्व नंतर बघू.

---

उत्तर: एक जुने सभासद

तुझ्या आईचं वाचून फार वाईट वाटलं, राग आला. तू तिच्यासाठी जे करशील ते बरोबरच. पण चालत्या गाडीतल्या माणसाने कार्ड कधी वाचलं असतं? त्यापेक्षा एका संध्याकाळी तिला घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घराची बेल वाजव, ही माझी आई, सकाळी सातला इथून चालते, एवढं सांग. मॅडिसनला फोन करणाऱ्याला माहीतच नव्हतं की हे शेजारचे आजोबा आहेत. ओलेथमध्ये इयन ग्रिलट नावाचा गोरा मुलगा मध्ये पडला, त्याला स्वतःला गोळी लागली, समोरचे कुठल्या धर्माचे हे त्याने विचारलं नव्हतं. असे लोक गल्लीत असतात, त्यांना आई कोण ते कळू दे. आणि पोलिस आलेच तर खिशात हात घालायचा नाही, कार्ड काढायलासुद्धा नाही. हात दिसतील असे ठेवायचे. हे आईला दोनदा करून दाखव. मी शनिवारी सकाळी येतो, तिच्याबरोबर चालायला माझी बायकोही येईल.

---

उत्तर: ज्येष्ठ मंडळी समिती

धर्माची ओळ काढतोय, विरोधातलं मत नोंदवलंय. काकांचा मुद्दा धरून कार्ड खिशात न देता गळ्यात अडकवायच्या पाऊचमध्ये देऊ, म्हणजे हात घालायची वेळच येणार नाही. मजकूर मोठ्या अक्षरात: नाव, मला इंग्लिश येत नाही, मी मराठी बोलतो/बोलते, या नंबरवर फोन करा. गुरुद्वारा आणि मशिदीच्या कमिटीलाही विचारतोय, त्यांच्याकडेही आईवडील येतातच, पाऊच एकत्र मागवले तर स्वस्त पडतील. किती हवेत ते कळवा.