तीन कादंबऱ्या लिहून झालेल्या लेखकाला पुरस्कार कशासाठी?

वाचनवेडी :
अमेरिकेतील ‘लॅम्ब्डा लिटररी’ ही संस्था दरवर्षी एलजीबीटी साहित्यासाठी पुरस्कार देते. त्यांतील बहुतेक एखाद्या पुस्तकाला मिळतात. जिम डगिन्स यांच्या नावाचा पुरस्कार मात्र कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या कादंबरीकाराला दिला जातो, आणि त्यासाठी किमान तीन कादंबऱ्या, किंवा दोन कादंबऱ्या व जोडीला कथा-कवितांसारखे भरीव लेखन प्रसिद्ध झालेले असावे लागते. ज्याची पुस्तके निघतच आहेत त्याच्याऐवजी, पहिली संहिता घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवणाऱ्याला ही रक्कम का देऊ नये? जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना वाचक :
नवोदितांसाठी त्याच संस्थेचा मार्कोविट्झ यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार आहे. पहिल्या पुस्तकाचे सर्वांनाच अप्रूप असते. खरी ओढाताण चौथ्या-पाचव्या पुस्तकाच्या वेळी सुरू होते, कारण तोवर लेखक नवा राहिलेला नसतो आणि मोठ्या खपाचाही झालेला नसतो.

डगिन्स पुरस्काराच्या २०१३ च्या मानकरी निकोला ग्रिफिथ यांचेच पाहा. इंग्लंडमधील लीड्सला जन्मलेल्या आणि सिॲटलला स्थायिक झालेल्या या लेखिकेची ‘अमोनाइट’ ही विज्ञानकादंबरी १९९३ साली आली, ‘स्लो रिव्हर’ला विज्ञानकथांसाठीचा नेब्यूला पुरस्कार मिळाला, आणि मग विज्ञानकथा बाजूला ठेवून त्यांनी एका लेस्बियन नायिकेभोवती तीन रहस्यप्रधान कादंबऱ्या लिहिल्या. माझ्याकडील ‘अमोनाइट’ची प्रत एका ग्रंथालयाने काढून टाकलेली आहे, तिच्या कण्यावर ‘विज्ञानकथा’ असा पिवळा कागद डकवलेला आहे. दरवेळी वेगळ्या कपाटात जाणाऱ्या लेखिकेला तिचा वाचक शोधणार कसा? त्याच २०१३ साली त्यांनी सातव्या शतकातील ब्रिटनवर ‘हिल्ड’ ही कादंबरी आणली. असा मोठा पल्ला घेणाऱ्याच्या मागे त्या वेळी कोणी उभे राहावे, हेच मला या पुरस्काराचे मोल वाटते.

वाचनवेडी :
कपाटाचा मुद्दा पटला. तरीही पुरस्काराच्या पाच हजार डॉलरमध्ये लेखकाचे असे कितीसे दिवस निघणार?

पानोपानी :
मोठ्या प्रकाशकाकडून भरघोस आगाऊ मानधन घेणाऱ्याला त्याचे विशेष वाटणार नाही, हे खरे. परंतु ग्रिफिथ यांच्याबरोबर ट्रेबर हीली यांनाही तो मिळाला होता. त्यांच्या २०१२ मधील दोन कादंबऱ्यांपैकी एक विद्यापीठाच्या प्रकाशनाने आणि दुसरी एका छोट्या प्रकाशनाने काढली होती. अशा ठिकाणी लेखकाच्या हाती फारसे काही पडत नाही, त्यामुळे तिथे ही रक्कम काही महिन्यांचे घरभाडे ठरते. शिवाय निवड एका पुस्तकाची नसून आजवरच्या सगळ्या लेखनाची असल्यामुळे, छापणे थांबलेल्या जुन्या पुस्तकांकडेही वाचक वळतो. मी स्वतः हीली यांची २००३ मधील पहिली कादंबरी या पुरस्कारानंतरच शोधून वाचली.