मदत हवी आहे : ट्रॅकचे ब्रेक पॅड बसवल्यापासून चिरका आवाज आणि स्टिअरिंगला थरथर

हायडेलबर्गकर (धागाकर्ता)
नमस्कार. माझ्याकडे टोयोटा जीआर८६ आहे. नवे पॅड बसवल्यापासून गाडी ब्रेक लावताच किंचाळते आणि नॉर्डश्लाइफ या जर्मनीतल्या रेस ट्रॅकवर श्वेडेनक्रॉइत्स हे वळण ओलांडून आरेमबर्गच्या वळणासाठी जोरात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. पॅडचे बेडिंग (नवे पॅड डिस्कला जुळवण्यासाठी ठरावीक पद्धतीने ब्रेक लावणे) रीतसर केलेले आहे. गॅरेजवाल्यांच्या मते डिस्क वाकल्या आहेत आणि चारही बदलाव्या लागतील. पुढच्या रविवारी पुन्हा ट्रॅकवर जायचे ठरले आहे, त्यामुळे कृपया थेट सांगावे : डिस्क बदलू की पॅड?

चिंचवडचा टर्नर
डिस्क टाकून देण्याची घाई करू नका. लेथवर दोन्ही बाजूंनी हलका कट मारून घेतला की थरथर जाते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. फक्त डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर कोरलेली किमान जाडी आधी वाचा आणि कट मारल्यानंतर तिच्याहून पुरेशी अधिक जाडी उरते का, ते पाहा.

घाटमाथा
धागाकर्ते, तुम्ही महत्त्वाचे काहीच सांगितलेले नाही. पॅड रस्त्यावरचे आहेत की निव्वळ ट्रॅकचे? डिस्क नव्या आहेत की जुन्याच, आणि जुन्या असतील तर त्यांच्यावर आधी कोणते पॅड चालत होते? ‘रीतसर बेडिंग’ म्हणजे नेमके काय केले? फेरी संपल्यावर गाडी कुठे आणि कशी उभी केली? थरथर फक्त स्टिअरिंगला जाणवते की सीटलाही?

सह्याद्रीपुत्र
ब्रेक ऑइल बदलले का? डॉट ४ या दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरा असताना किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण ओलावा शोषला की तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. २० किलोमीटरहून लांब फेरीत ही बाब जिवावर बेतू शकते, म्हणून ऑइल आधी बदला.

घाटमाथा
ऑइल उकळले तर पेडल मऊ पडून खाली जाते, थरथरत नाही. सल्ला योग्य आहे, पण या दुखण्याचा तो इलाज नव्हे.

हायडेलबर्गकर
एवढ्या तपशिलाची गरज पडेल असे वाटले नव्हते. पॅड ट्रॅकसाठीचे आहेत, डिस्क कंपनीच्या मूळच्याच आहेत आणि त्यांच्यावर आतापर्यंत मूळचे पॅड चालत होते. बेडिंगसाठी मोकळ्या रस्त्यावर १०० च्या वेगावरून गाडी पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा ब्रेक लावले. फेरीनंतर बाहेर पडताना रांग होती, तिथे ब्रेकवर पाय ठेवून उभा होतो. थरथर स्टिअरिंगलाच आहे. आता तरी सांगा.

घाटमाथा
आता चित्र स्पष्ट झाले. तुमची दुखणी दोन आहेत आणि त्यांची कारणे वेगळी आहेत, म्हणून आधी ती वेगळी करू.

थरथर चाकाच्या फेऱ्यांशी बांधलेली असते. तुमच्या टायरचा परीघ जवळपास दोन मीटर आहे, म्हणजे ताशी १२० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे १७ वेळा फिरते. डिस्कवर एखादी जागा बाकीपेक्षा जाड असेल, तर ती प्रत्येक फेरीत पॅडला एकदा ढकलते आणि तोच धक्का स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. त्यासाठी डिस्क वाकावी लागत नाही, जाडीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून थोडा अधिक फरक पडला तरी तो हाताला कळतो. हा फरक बहुतेक वेळा पॅडच्या द्रव्याच्या असमान थरामुळे पडतो. बेडिंगचा हेतूच मुळी असा असतो की पॅडमधील द्रव्याचा पातळ आणि सारखा थर संपूर्ण डिस्कवर बसावा. तुमच्या डिस्कवर जुन्या पॅडचा थर तसाच होता, त्यावर वेगळ्या जातीचा पॅड तापला, आणि प्रत्येक वेळी गाडी पूर्ण थांबल्यामुळे व पुढे रांगेत पाय दाबून धरल्यामुळे तापलेल्या पॅडने आपला ठसा एकाच जागी उमटवला. डिस्क तिरप्या उजेडात धरून पाहा, पॅडच्या आकाराचा निळसर-करडा डाग दिसण्याची दाट शक्यता आहे.

चिंचवडचा टर्नर
मग कट मारल्यावर हा थर निघेलच की!

घाटमाथा
थर निघेल, पण त्याच्या खालचे निघेलच असे नाही. डागाची जागा अधिक घासली जाते म्हणून अधिक तापते, आणि सुमारे ६५० अंशांच्या पुढे गेल्यावर तिथल्या बिडाचे रूप बदलून सिमेंटाइट हे कठीण लोहसंयुग तयार होते. ती जागा बाजूच्या बिडापेक्षा कमी झिजते, त्यामुळे कट मारलेली डिस्कही काही दिवसांत पुन्हा थरथरू लागते.

चिंचवडचा टर्नर
सिमेंटाइटचा मुद्दा मान्य आहे, पण तुम्ही हब, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसते तो भाग, विसरलात. हबच्या तोंडावर गंजाची पापडी असेल तर नवी कोरी डिस्कसुद्धा डुलत फिरते आणि काही काळाने तिची जाडी असमान होते. डिस्क काढा, हबचे तोंड तारेच्या ब्रशने चकचकीत करा, डिस्क पुन्हा बसवून सगळे नट आवळा आणि मग डायल गेज लावा. रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कचे डुलणे, ०.०५ मिलिमीटरच्या आत हवा. चाकाचे नट एअर गनने ठोकू नका. या गाडीला १२० न्यूटन-मीटरचा टॉर्क लागतो आणि तो टॉर्क रेंचने, समोरासमोरचे नट क्रमाने घेऊनच द्यायचा असतो.

घाटमाथा
हे अगदी बरोबर आहे. मोजमाप केल्याशिवाय काहीही बदलू नये.

स्टुटगार्टवासी
विषय थोडा बाजूला जाईल, तरी लिहितो. नॉर्डश्लाइफवर सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या फेऱ्यांना रस्त्याचेच वाहतूक नियम लागू असतात आणि गाडी रस्त्यावर चालवण्यास पात्र असावी लागते. जर्मनीत मान्यता नसलेला निव्वळ ट्रॅकचा पॅड लावून घरून तिथवर जाणे हेच नियमबाह्य ठरते. खोक्यावर आर९०, म्हणजे बदली ब्रेक पॅडसाठीच्या मान्यतेचा शिक्का आहे का, ते पाहा.

हायडेलबर्गकर
शिक्क्याची सूचना लक्षात ठेवली. तासाच्या भाड्याने लिफ्ट मिळते अशा वर्कशॉपमध्ये गाडी नेली होती. हब साफ केल्यावर रनआउट ०.०३ भरला. मायक्रोमीटरने पुढच्या डाव्या डिस्कची जाडी आठ जागी मोजली, एका जागी ती ०.०२ मिलिमीटर अधिक आहे आणि बरोबर तिथेच निळसर डाग आहे. उजवी डिस्क समान आहे. पण आवाजाचे काय? त्याबद्दल कोणीच बोलत नाही.

घाटमाथा
मोजमाप उत्तम केले. ट्रॅकचा पॅड त्याच्या कामाच्या तापमानाखाली डिस्क खरवडतो, त्याचाच उपयोग करून घ्या. हेच पॅड ठेवून काही दिवस गाडी रस्त्यावर संथ चालवा आणि ब्रेक थंड असतानाच हलके वापरा, म्हणजे जुना थर हळूहळू निघून जाईल. नंतर १०० वरून २० पर्यंत, एबीएस लागू न देता आठ-दहा वेळा लागोपाठ ब्रेक लावा, मध्ये कुठेही थांबू नका आणि शेवटी दहा मिनिटे ब्रेक न लावता चालवून थंड होऊ द्या. हे रविवारच्या आत उरकणार नसेल तर रविवार सोडा. त्यानंतरही त्याच जागी थरथर परत आली, तर पुढच्या दोन्ही डिस्क बदला. मागच्या बदलण्याचे कारण मला दिसत नाही.

किंचाळणे हे चाकाच्या फेऱ्यांचे नव्हे, तर पॅड, डिस्क आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मिळून हजारो हर्ट्झने कंप पावण्याचे काम आहे. धातूचे प्रमाण अधिक असलेला कठीण पॅड थंड असताना ओरडतोच. तुमच्या गाडीला पुढे सरकते कॅलिपर आहेत, म्हणून त्यांच्या गाइड पिना साफ करून ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावा, पॅडमागची पत्र्याची शिम जागेवर आहे का ते पाहा आणि पॅडच्या पुढच्या-मागच्या कडा कानशीने थोड्या उतरत्या करा. यानेही उरलेला आवाज पॅड तापल्यावर कमी होत असेल, तर तो पॅडच्या जातीचा आहे असे समजून सोडून द्या.

सह्याद्रीपुत्र
आणि फेरीनंतर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवा.

चिंचवडचा टर्नर
या गाडीचा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या पोटातल्या वेगळ्या ड्रमवर चालतो, पॅडवर नाही, त्यामुळे पॅडचा ठसा उमटण्याचा प्रश्न तिथे येत नाही. तरीही मागची डिस्क तापलेली असताना तो न ओढणेच बरे. रांगेत उभे राहावे लागलेच, तर पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून थांबा आणि दर थोड्या वेळाने गाडी हातभर पुढे घेत राहा, म्हणजे पॅड एकाच जागी टेकून राहणार नाहीत.

हायडेलबर्गकर
शिम डाव्या बाजूला नाहीच, मूळच्या पॅडबरोबर ती निघून गेलेली दिसते. आज मागवली आहे. रविवार रद्द केला. डाग गेल्यावर जाडी पुन्हा मोजून इथेच आकडे लिहितो.