मदत हवी आहे: तर्ककोड्याचा तक्ता अर्ध्यावर अडला की अंदाज न करता पुढे कसे जावे?

धागाकर्ती:

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यात मी आठवीच्या वर्गाला शिकवते. वर्गातील बरीच मुले राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या, म्हणजे एनएमएमएसच्या परीक्षेला बसणार आहेत. ही शिष्यवृत्ती मिळाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, आणि ज्या घराचा सगळा भार दोन-तीन एकर कोरडवाहू वावरावर आहे, त्या घरातल्या मुलीची शाळा पुढे चालू राहणार की नाही हे या रकमेवर ठरू शकते. परीक्षेतील बौद्धिक क्षमता चाचणीत ९० मिनिटांत ९० प्रश्न सोडवायचे असतात. आम्ही वापरतो त्या सराव प्रश्नपत्रिकांत काही सूचना देऊन त्यांवरून कोण, काय, केव्हा हे शोधायला लावणारे प्रश्न असतात, आणि नेमकी तिथेच मुले अंदाजाने पर्याय निवडून मोकळी होतात. मला ती सवय मोडायची आहे.

शेजारच्या शाळेतील एका सरांनी मुलांना ओळखीचे वाटेल असे आठवडी बाजाराचे कोडे रचून दिले. उत्तर त्यांनी मुद्दामच सांगितलेले नाही. कोडे असे आहे:

सुमन, कमला, गोदा आणि रुख्मा या चौघी बाजारात माल घेऊन आल्या. एक ७ वाजता, एक ८ वाजता, एक ९ वाजता आणि एक १० वाजता पोचली. प्रत्येकीने एकच माल आणला: तुरीची डाळ, वांगी, अंबाडी किंवा संत्री. एक बंडीने आली, एक एसटीने, एक सायकलने आणि एक पायी.

सूचना १: रुख्मा पायी आली.
सूचना २: कमला रुख्माच्या नंतर पोचली.
सूचना ३: बंडीने आलेली पोचल्यावर बरोबर एका तासाने सुमन पोचली.
सूचना ४: अंबाडी आणणारी पोचल्यावर बरोबर एका तासाने एसटीने येणारी पोचली.
सूचना ५: तुरीची डाळ आणणारी सगळ्यांच्या आधी पोचली, आणि ती रुख्मा नव्हती.
सूचना ६: संत्री आणणारी सुमनच्या नंतर पोचली.

आम्ही चौकटीच्या वहीत पायऱ्यांसारखा तक्ता आखला. वरच्या बाजूला वेळ, माल आणि वाहन. डाव्या बाजूला नावे, त्याखाली वाहन आणि त्याखाली माल. अशा सहा चौकटी होतात आणि प्रत्येकीत सोळा घरे, म्हणजे एकूण ९६ घरे. पायी येण्यालाही आम्ही वाहनाच्या चौकटीतच जागा दिली. जे नक्की जुळते तिथे बरोबरची खूण, जे जुळूच शकत नाही तिथे फुली. पुसून पुसून कागद फाटतो, म्हणून पहिल्या खेपेला खुणांऐवजी बरोबरसाठी तुरीचा दाणा आणि फुलीसाठी ज्वारीचा दाणा ठेवायला मी मुलांना सांगितले.

आम्ही कुठपर्यंत पोचलो ते सांगते. सूचना २ वरून कमला ७ वाजता आलेली नाही, कारण तिच्या आधी निदान रुख्मा तरी आलीच असणार. सूचना ३ वरून सुमनही ७ ची नाही. सूचना ५ वरून ७ वाजता तुरीची डाळ आली आणि ती रुख्माची नव्हती, म्हणून रुख्माही ७ ची नाही. उरली गोदा. तेव्हा गोदा ७ वाजता, तुरीची डाळ घेऊन आली. दुसऱ्या टोकाकडून पाहिले तर सूचना २ मुळे रुख्मा १० ची नाही, सूचना ६ मुळे सुमन १० ची नाही, गोदा ७ ला बसलेली आहे, म्हणून १० ची कमला.

इथवर मुलांनीच काढले. पण आता सुमन आणि रुख्मा यांच्यापैकी ८ ची कोण आणि ९ ची कोण, हे ठरत नाही. सहाही सूचना एकेकदा वापरून झाल्या आहेत. काही मुलांनी ‘सुमन ८ ला धरू’ असे म्हणून पुढचा तक्ता भरला आणि तो जुळलाही, पण ८ च का, याचे कारण त्यांना देता आले नाही. माझा प्रश्न असा की इथे अंदाज करणे भागच आहे, की दिलेल्या माहितीतूनच पुढची पायरी काढता येते? असल्यास ती आठवीच्या मुलांना पटेल अशा शब्दांत कोणी सांगेल का?

प्रतिसाद १:

नमस्कार मॅडम. मी वरूड तालुक्यात राहतो आणि बरीच वर्षे गणित शिकवले आहे. अंदाजाची काहीही गरज नाही. पुढची पायरी तुमच्या तक्त्यातच आहे, फक्त ती नावांच्या चौकटीत न शोधता नावे, वेळ आणि वाहन या तिघांच्या मधे शोधावी लागते.

आधी एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की करावी. सूचना एकदा वापरली म्हणजे संपली, असे होत नाही. पहिल्या वाचनात ‘बरोबर एका तासाने’ या शब्दांतून फक्त टोकाच्या फुल्या मिळतात: सुमन ७ ची नाही, बंडी १० ची नाही, आणि सुमन स्वतः बंडीने आलेली नाही. तक्ता थोडा भरला की तीच सूचना पुन्हा बोलू लागते. आता आपल्याला ठाऊक आहे की सुमन १० ची नाही, म्हणून बंडी ९ ला आलेली नाही. म्हणजे बंडीसाठी ७ आणि ८ या दोनच वेळा राहिल्या.

आता दोन याद्या शेजारी शेजारी लिहायला सांगा. पहिली यादी: ८ वाजता कोण कोण येऊ शकते? गोदा आणि कमला यांच्या वेळा ठरल्या, म्हणून सुमन किंवा रुख्मा. दुसरी यादी: बंडीने कोण कोण येऊ शकते? सुमन नाही, कारण ती बंडीच्या एक तास नंतर आली. रुख्मा नाही, कारण ती पायी आली. म्हणून गोदा किंवा कमला. या दोन याद्यांत एकही नाव सामाईक नाही. जी बाई ८ वाजता आली ती बंडीने आलेलीच असू शकत नाही. वाहन आणि वेळ यांच्या चौकटीत बंडी आणि ८ यांच्या घरात फुली पडली, आणि बंडीसाठी फक्त ७ राहिले.

७ ची गोदा, म्हणून बंडी गोदाची. बंडीनंतर बरोबर एका तासाने सुमन, म्हणून सुमन ८ ची आणि रुख्मा ९ ची. कोणतीही गोष्ट गृहीत धरावी लागली नाही.

हे मी इतके लांबवून लिहितो आहे, कारण माझ्या अनुभवात मुले नेमकी इथेच अडतात. एका घरात बरोबरची खूण आली की त्याच चौकटीतल्या आडव्या ओळीत तीन आणि उभ्या रकान्यात तीन अशा सहा फुल्या मारणे त्यांना लगेच जमते. पण एका चौकटीत मिळालेली माहिती दुसऱ्या चौकटीत न्यायची असते, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या लक्षात येत नाही. रुख्मा ७ ची नाही आणि १० ची नाही, आणि रुख्मा पायी आली, तर पायी येणारीसुद्धा ७ ची नाही आणि १० ची नाही. या दोन फुल्या वाहन आणि वेळ यांच्या चौकटीत तुमच्या मुलांनी टाकल्या आहेत का, ते पाहावे. जिथे बरोबरची खूण आहे तिथे त्या दोन गोष्टी म्हणजे एकच व्यक्ती, म्हणून एकीच्या सगळ्या फुल्या दुसरीलाही लागू होतात.

प्रतिसाद २:

वरील स्पष्टीकरण उत्तम आहे, त्याला एक पुरवणी जोडतो. ज्या मुलांनी ‘सुमन ८ ला धरू’ असे म्हटले, त्यांचा मार्ग सर्वस्वी टाकून देऊ नये. त्यांनी तपासायला दुसरी बाजू घ्यायला हवी होती. समजा सुमन ९ ला आली. मग सूचना ३ नुसार बंडी ८ ला आली. पण तेव्हा ८ ची रुख्मा ठरते, आणि रुख्मा तर पायी आली आहे. विरोध आला, म्हणून सुमन ९ ची असूच शकत नाही. हा अंदाज नसून पूर्ण पुरावा आहे, भूमितीत आपण जी अप्रत्यक्ष सिद्धता लिहितो तीच. एक शक्यता जुळली एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, कारण दुसरीही जुळू शकते. दुसरी मोडली तरच पहिली खरी. मुलांना एवढेच बंधन घालावे की ‘समजा’ म्हटले की त्यापुढच्या खुणा वेगळ्या कागदावर करायच्या, मुख्य तक्त्यात नाही.

धागाकर्ती:

आपणा दोघांचेही मनापासून आभार. आज दोन याद्यांची रीत फळ्यावर मांडली. पायी येणारीच्या त्या दोन फुल्या बहुतेकांच्या तक्त्यात नव्हत्या. त्या टाकल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी स्वतःहून उठून म्हणाली की मॅडम, आता एसटीची सूचना परत वाचू या. पुढचा भाग तिनेच सोडवला, तो इथे लिहिते; काही सुटले असल्यास कृपया सांगावे.

गोदा बंडीने आणि रुख्मा पायी आली, म्हणून एसटी आणि सायकल या दोन्ही सुमन आणि कमला यांच्यात वाटल्या जातात, म्हणजे एसटी ८ ची किंवा १० ची. ती ८ ची असती तर सूचना ४ नुसार अंबाडी ७ ला आली असती, पण ७ ला तुरीची डाळ आहे. म्हणून एसटी १० ची, म्हणजे कमलाची, आणि अंबाडी ९ ची, म्हणजे रुख्माची. सायकल सुमनची. सूचना ६ प्रमाणे संत्री ८ च्या नंतरची, ९ ला अंबाडी आहे, तेव्हा संत्री १० ची, कमलाची. उरलेली वांगी सुमनची. मग सहाही सूचना एकेक वाचून ताळा घेतला आणि सगळ्या जुळल्या.

आता दोन शंका उरल्या आहेत. सूचना ६ अगदी साधी वाटते. ती नसती तर काय झाले असते, असे एका मुलाने विचारले. आणि परीक्षेत एका प्रश्नाला सरासरी एकच मिनिट मिळते, तेवढ्यात ९६ घरांचा तक्ता कसा आखायचा?

प्रतिसाद १:

मुलीने काढलेल्या पायऱ्या अचूक आहेत, त्यात काहीही सुटलेले नाही. तिला माझ्यातर्फे शाबासकी सांगावी.

त्या मुलाचा प्रश्न फार चांगला आहे. सूचना ६ वगळली तर सुमनला १० वाजता येता येते, आणि मग आणखी एक क्रम उभा राहतो: ७ ला गोदा सायकलने तुरीची डाळ घेऊन, ८ ला रुख्मा पायी, ९ ला कमला बंडीने अंबाडी घेऊन, १० ला सुमन एसटीने. पहिल्या पाच सूचना लावून पाहाव्यात, एकही मोडत नाही. शिवाय दोन्ही क्रमांत वांगी आणि संत्री कोणाकडे हे ठरत नाही, म्हणून एकूण चार उत्तरे होतात. काहीच सूचना नसताना २४ × २४ × २४ म्हणजे १३,८२४ जुळण्या शक्य असतात. पाच सूचनांनी त्या चारवर आल्या आणि सहावीने एकावर. वर्गाला हाच गृहपाठ द्यावा: एकेक सूचना झाकायची आणि उरलेल्या पाचांत किती उत्तरे बसतात ते शोधायचे.

परीक्षेतल्या वेळेबद्दल असे सांगतो. ज्या कोड्यात क्रम किंवा वेळ दिलेली असते तिथे पूर्ण तक्ता आखू नये. ७, ८, ९, १० असे चार उभे रकाने आणि नाव, माल, वाहन अशा तीन आडव्या ओळी, एवढी बारा घरे प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या जागेत हातानेच काढता येतात. पट्टी लागत नाही. ‘अंबाडी, लगेच एसटी’ आणि ‘बंडी, लगेच सुमन’ असे दोन जोड बाजूला लिहून ते रकान्यांवर सरकवून पाहायचे. ७ ला गोदा आणि डाळ, १० ला कमला हे आधीच भरलेले असले की दोन्ही जोड बसायला एकच जागा उरते. रकान्याच्या डोक्यावर पेन्सिलीने ‘सु, रु’ अशी उरलेल्या नावांची अक्षरे लिहिली की दोन याद्यांची तुलना तिथल्या तिथे होते.

मात्र परीक्षेला अजून अवकाश आहे तोवर मोठा तक्ताच वापरावा, असे माझे ठाम मत आहे. कोणती फुली कोठून आली हे मोठ्या तक्त्यात दिसते. बारा घरांत ते डोक्यात ठेवावे लागते. प्रत्येक फुलीच्या घरात सूचनेचा क्रमांक बारीक अक्षरात लिहायला लावावा. ‘८ च का’ असे आपण विचारले की मुलांना त्या घरावर बोट ठेवून कारण सांगता येईल.

धागाकर्ती:

क्रमांक लिहिण्याची सूचना लगेच अमलात आणते. दाण्यांच्या तक्त्यावर क्रमांक लिहिता येणार नाहीत, म्हणून पुढचे कोडे पेन्सिलीनेच सोडवू. सूचना झाकण्याचा गृहपाठ आजच दिला आहे. मुलांनी काढलेली उत्तरे इथेच टाकीन, ती आपण तपासून द्यावीत ही विनंती.