१३६ किलोहर्ट्झवर जपानसोबत रात्रभराची स्केड (आधी वेळ ठरवून पाठवणं-ऐकणं) ठरवायची आहे, वेळ-फ्रिक्वेन्सी-मोड कसं पक्कं करता?

मानेवाडा_रेडिओ
नमस्कार मंडळी, मी नागपूरचाच. १३६ वर सध्या फक्त ऐकून राहिलो, ट्रान्समिटचा विचार नाही. जपानमधल्या एका हॅमसोबत (हौशी रेडिओवाल्यासोबत) मेलवर बोलणं झालं, तो म्हणाला डिसेंबरमध्ये मी एफएसटी४डब्ल्यू (फार कमजोर सिग्नलसाठीचा डिजिटल मोड) लावून रात्रभर पाठवतो, तू नागपूरवरून डिकोड होतं का (मजकूर उलगडतो का) बघ. सहा हजार किलोमीटरचा पल्ला, लो फ्रिक्वेन्सीवर, तोही एक वॉट ईआयआरपीच्या (अँटेनातून बाहेर पडणाऱ्या प्रभावी ताकदीच्या) आत, म्हणून मला हे नीट करायचं आहे, त्या माणसाची रात्र वाया जायला नको.

आता अडचण अशी की त्याने लिहिलं "१२ तारखेच्या मध्यरात्रीपासून सुरू करतो". ही मध्यरात्र कोणाची? दुसरं म्हणजे १२०, ३००, ९०० आणि १८०० सेकंद असे एका पाठवणीच्या लांबीचे चार पर्याय दिसतात, त्याचं म्हणणं सरळ १८०० लावू, सगळ्यात कमजोर सिग्नल त्यातच निघतो. माझ्याकडे डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा छोटा रिसीव्हर), त्याच्या पुढे १२५ मेगाहर्ट्झवाला अपकन्व्हर्टर (खालची फ्रिक्वेन्सी वर नेणारा), गच्चीवर मिनी व्हिप अँटेना. वॉटरफॉलवर (स्क्रीनवरच्या सिग्नलच्या सरकत्या चित्रात) एक गोष्ट दिसते, खोलीतला पंखा लावला की सगळ्या रेषा हळूहळू एका बाजूला वाकतात आणि बंद केला की परत येतात. याने फरक पडेल का?

एमएल९१_श्रोता
भाऊ आधी मध्यरात्रीचं निस्तरा, कारण अर्ध्या स्केड तिथेच मरतात. जपानची वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) ९ तास पुढे, आपली साडेपाच. त्याची १२ तारखेची मध्यरात्र म्हणजे यूटीसी ११ तारीख १५:००, म्हणजे आपल्याकडे ११ तारखेची रात्र साडेआठ. तुम्ही १२ च्या रात्री बाराला गच्चीवर जाऊन बसाल तेव्हा तो साडेसत्तावीस तास आधी सुरू करून झोपलेला असेल. म्हणून मेलमध्ये "रात्री", "पहाटे", "उद्या" हे शब्दच नको, फक्त यूटीसी तारीख आणि यूटीसी वेळ, आणि सुरू-बंद दोन्ही. आपल्यासाठी सोयीचं एक आहे, यूटीसीची तारीख आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलते त्यामुळे संध्याकाळपासून साडेपाचपर्यंतची सगळी रात्र लॉगमध्ये एकाच तारखेत पडते.

अजून एक, स्लॉट (एका पाठवणीचा ठरलेला वेळ) कधी सुरू होतो याचं टेन्शन घेऊ नका. आपला फरक अर्ध्या तासात मोजला जातो म्हणून १८०० चा स्लॉट आपल्या घड्याळातही बरोबर :०० आणि :३० लाच सुरू होतो, ९०० चा दर पंधरा मिनिटाला. (नेपाळवाल्यांना पावणेसहा तास असल्याने १८०० चे स्लॉट सव्वा आणि पावणेला दिसतात.) कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र एनटीपीवर (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याच्या सोयीवर) सतत जुळत राहील असं करा, विंडोजच्या आपल्या मनाने कधीतरी जुळण्यावर सोडू नका.

आणि खिडकी आधी काढून घ्या. लो फ्रिक्वेन्सीवर लांबचा सिग्नल यायला दोन्ही टोकांना अंधार पाहिजे. डिसेंबरच्या मध्यात नागपूरला सूर्य साडेपाचच्या पुढेमागे मावळतो, म्हणजे साधारण १२:०० यूटीसी, आणि टोकियोकडे सूर्योदय २१:४० च्या सुमारास, आपले पहाटेचे सव्वातीन. म्हणजे त्याने १२:०० ते २१:४० यूटीसी पाठवावं. आपली सकाळ होईपर्यंत पाठवून फायदा नाही. उलट युरोपसोबत करायचं असेल तर आपल्या रात्री नऊपासून सूर्योदयापर्यंत.

कळमेश्वरचा_हॅम
पंख्याचा प्रश्न फार चांगला विचारला दादा, उत्तर त्याच्यातच आहे. पंख्याची हवा अपकन्व्हर्टरवर लागते, आतला क्रिस्टल थंड होतो, फ्रिक्वेन्सी सरकते. १२५ मेगाहर्ट्झवर एक पीपीएम (दहा लाखात एक भाग) म्हणजे १२५ हर्ट्झ. एफएसटी४डब्ल्यू-१८०० चा पूर्ण सिग्नल ०.३६ हर्ट्झ रुंद असतो आणि दोन टोनमधलं अंतर ०.०९ हर्ट्झच्या आसपास. अर्ध्या तासात रेष डोळ्याला दिसेल इतकी वाकली तर तिथे डिकोडचा विषयच संपला, सिग्नल कितीही चांगला येऊ द्या.

उपाय स्वस्तात होतो. अपकन्व्हर्टर काढून टाका, डोंगलला डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये (अँटेनाचा सिग्नल फ्रिक्वेन्सी न बदलता सरळ घेण्याच्या मोडमध्ये) लावा. तिथे चूक ऐकण्याच्या फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात पडते, १३७ किलोहर्ट्झवर एक पीपीएम म्हणजे फक्त ०.१४ हर्ट्झ. त्यातही डोंगल थर्माकोलच्या डब्यात, वाऱ्यापासून दूर, आणि स्केडच्या दोन तास आधीपासून चालू.

१८०० बद्दल माझं मत वेगळं आहे. १२० वरून १८०० ला गेलं की वेळ पंधरापट होते आणि जवळपास १२ डीबी मिळतात हे खरं, उणे ४५ डीबीपर्यंत ऐकू येतं. पण तासाला दोनच संधी. या मार्गावर सिग्नल एकसारखा राहत नाही, कधी दहा-पंधरा मिनिटं वर येतो आणि जातो, खास करून एका टोकाला उजाडायच्या सुमारास. ३०० असेल तर त्या पंधरा मिनिटांत दोन-तीन पूर्ण स्लॉट बसतात, १८०० मध्ये तेच अर्ध्या तासाच्या नॉईजमध्ये पातळ होऊन जातं. पहिली रात्र ३०० वर, काहीच नाही आलं तर दुसऱ्या रात्री ९००, १८०० सगळ्यात शेवटी. आणि एका रात्री एकच, मधात बदलायचं नाही. तुम्ही इकडे ३०० वर आणि तो तिकडे ९०० वर गेला तर दोघंही बरोबर काम करत असून रात्र कोरी जाते.

गच्चीवरची_अँटेना
वेळ आणि मोड झालं, पण नागपुरात राहून एक गोष्ट कोणी बोललंच नाही. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झ, ३०० किलोवॅट. मिनी व्हिप सगळंच आत घेते, आणि डायरेक्ट सॅम्पलिंगवर गेल्यावर तर डोंगलचं तोंड त्या एका सिग्नलनेच भरून जाईल, १३६ वर जे दिसेल ते खरं की आतच तयार झालेलं ते कळणार नाही. मधात लो पास फिल्टर लावाच, २०० ते २५० किलोहर्ट्झच्या वर कापणारा, दोन-तीन कॉइल आणि चांगल्या कपॅसिटरमध्ये घरी होतो.

मग स्केडच्या आधी दोन-तीन संध्याकाळ ४० आणि ६० किलोहर्ट्झ बघा, जपानची जेजेवाय तिथे टाइम सिग्नल देते. ४० वाली फुकुशिमात आहे, म्हणजे दिशा तीच. ती रेष येत नसेल तर हौशी माणसाचा एक वॉट येण्याची आशा धरू नका, आधी घरातला नॉईज शोधा. आमच्याकडे जिन्यातला एक एलईडी दिवा होता, तो विझवला की १३० ते १४० मधलं धुकं एकदम उतरायचं. राऊटरचा अ‍ॅडॉप्टर, इन्व्हर्टर, शेजारच्या गच्चीवरचं सोलर (ते रात्री बंद असतं हे बरं), एकेक बंद करून वॉटरफॉलवर नजर ठेवायची. युरोपची बाजू बघायची तर १३५.४३ वर हंगेरीचं आणि १३८.८३ वर जर्मनीचं स्टेशन, बँडच्या दोन्ही बाजूंना बसलेले आहेत.

डिसेंबर निवडला हे उत्तम. एप्रिल ते जून आपल्याकडे संध्याकाळी विजा कडाडायला लागल्या की या बँडवर कडकड सोडून दुसरं काही राहत नाही.

मानेवाडा_रेडिओ
सगळ्यांचे मनापासून आभार, अपकन्व्हर्टर काढतो आणि फिल्टरचं सामान आणतो. अजून एक विचारतो, रात्री त्याच्याशी चॅटवर बोलत राहिलं तर चालतं का? आणि अजून एक जपानी स्टेशन याच रात्री पाठवायचं म्हणून राहिलं, दोघं एकमेकांवर येणार नाहीत का?

एमएल९१_श्रोता
दोघं आले तर उलट चांगलं. डब्ल्यूएसजेटी-एक्स या सॉफ्टवेअरमध्ये एफएसटी४डब्ल्यूला राउंड रॉबिन आहे, एकाने १/२ लावायचं दुसऱ्याने २/२, स्लॉट यूटीसी दिवसाच्या सुरुवातीपासून मोजले जातात त्यामुळे आपोआप आळीपाळीने पाठवतात. ऑडिओ फ्रिक्वेन्सीही वेगळी ठेवायला सांगा, एक १४९० दुसरा १५१०, डायल दोघांचाही १३६.०००. सगळा बँडच २.१ किलोहर्ट्झचा आहे पण इतके बारीक सिग्नल सहज मावतात.

चॅटवर "सुरू केलं", "रिग बंद पडला" एवढं सांगायला हरकत नाही. पण डिकोडमधला मजकूर किंवा रिपोर्ट चॅटवरून कळवायचा नाही, उद्या दोन्ही बाजूंनी ट्रान्समिट करून पूर्ण क्यूएसओ (दोन स्टेशनांमधला संपर्क) करायला गेलात तर कॉलसाइन आणि रिपोर्ट रेडिओवरूनच यायला पाहिजे, नाहीतर तो क्यूएसओ धरत नाहीत. डिकोड आला की लगेच नाचू नका, खोटे डिकोडही येतात. कॉलसाइन, लोकेटर (जागेचा ग्रिड कोड), फ्रिक्वेन्सी आणि त्याचा स्लॉट चारही जुळतात का बघा, आणि शक्य असेल तर रात्रभराची वेव्ह फाइल जपून ठेवा.

कळमेश्वरचा_हॅम
त्याला पाठवायचा मेल असा लिहा म्हणजे उलट प्रश्न येणार नाही: यूटीसी ११ डिसेंबर, १२:०० ते २१:४०, डायल १३६.००० यूएसबी (अप्पर साइडबँड), ऑडिओ १४९०, एफएसटी४डब्ल्यू-३००, राउंड रॉबिन १/२, माझा लोकेटर एमएल९१. दुसऱ्या स्टेशनला हाच मेल, फक्त ऑडिओ १५१० आणि २/२. दोघांचं "ठीक" असं उत्तर आल्यावर त्यातलं काही बदलायचं नाही. आणि ११ च्या रात्री अंगणातल्या विहिरीवरचा पंप माझ्याकडे बंद ठेवता येतो, मी पण इकडून ऐकतो, नागपूर आणि कळमेश्वर दोन्हीकडे एकाच स्लॉटला डिकोड आला तर शंकाच नको.