मॉक्सी म्हणजे धाडस, हा शब्द आला कुठून?

पर्णिका
परसिव्हरन्स रोव्हरबद्दल वाचत होते, मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढणारं जे यंत्र त्यावर होतं त्याचं नाव मॉक्सी. ते लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवून केलंय हे कळलं, पण नवरा म्हणतो शब्द जुनाच आहे, अमेरिकेत धीट माणसाबद्दल वापरतात. मग उगम काय? आणि ऑड्यासिटी किंवा नर्व्ह या धाडसाच्याच इंग्रजी शब्दांपेक्षा वेगळा कसा?

जुनापुराणा
उगम औषधाच्या बाटलीत आहे ताई. ऑगस्टिन थॉम्पसन नावाचे डॉक्टर, जन्म मेन राज्यातला, प्रॅक्टिस मॅसॅच्युसेट्सच्या लोवेल गावात, त्यांनी १८८०च्या दशकात 'मॉक्सी नर्व्ह फूड' विकायला काढलं. थकवा, झोप न येणं, अगदी अर्धांगवायूवरसुद्धा गुणकारी असा दावा! मग त्यातच सोडा घालून ते पेय म्हणून खपायला लागलं आणि जाहिरात इतकी दणक्यात की ब्रँडचं नाव घरोघरी झालं. १९०६ला अमेरिकेत अन्न-औषधांचा कायदा आला, असले दावे करणं अवघड झालं, पण लोकांच्या डोक्यात 'हे प्यायलं की अंगात जोर येतो' हे बसलेलंच होतं. १९३०च्या आसपास मॉक्सी हा शब्द धमक या अर्थाने छापलेला सापडतो.

बोस्टनवाली
अहो ते अजून मिळतं! नारिंगी लेबल असतं. पहिला घोट रूट बिअर या अमेरिकन थंड पेयासारखा गोड आणि मग जिभेच्या मागे जो कडूपणा येतो ना तो जाता जात नाही, कारण त्यात जेन्शियन या कडू वनस्पतीचं मूळ असतं. आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं, लहानपणी तापात ज्यांनी तो काढा प्यायलाय त्यांना लगेच ओळख पटेल. मेनवाल्यांचा भारी जीव आहे त्यावर, २००५ मध्ये राज्याचं अधिकृत पेय केलं, लिस्बन फॉल्सला जुलैत जत्रा भरते. राष्ट्राध्यक्ष कूलिजही आवडीने प्यायचे. २०१८ला कोका-कोलाने ब्रँड घेतला.

मंदार_पुणे
छटेबद्दल. ऑड्यासिटी दोन्हीकडे चालतं, कौतुकाला पण आणि 'हिंमत कशी झाली याची' असं चिडून बोलायला पण. नर्व्हचंही तेच. मॉक्सी मात्र जवळपास नेहमी कौतुकानेच म्हणतात. कंपनीत नवीन लागलेली पोरगी पहिल्याच मीटिंगमध्ये थेट मोठ्या साहेबाला आकडे कुठून आणले असं विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत बसत नाही, तिच्यात मॉक्सी आहे. नुसतं धाडस नाही, जिद्द आणि थोडी चलाखी पण लागते, म्हणून डिक्शनरीत इतके अर्थ दिसतात. मला तर हा शब्द फार आवडतो, जरा जुन्या वळणाचा वाटतो तरी.

पर्णिका
वा, मस्त माहिती! पण मग डॉक्टरांना तरी हे नाव कुठून सुचलं?

जुनापुराणा
ते सांगायचे की लेफ्टनंट मॉक्सी नावाच्या मित्राने दक्षिण अमेरिकेत ती वनस्पती शोधली, पण असा कोणी लेफ्टनंट होता याचा पुरावा नाही. मेनमध्ये मॉक्सी नावाचा तलाव आहे, धबधबा आहे, त्यामुळे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून नाव आलं असावं असा कोशकारांचा अंदाज आहे आणि डॉक्टर त्याच राज्यातले म्हटल्यावर मला तरी तोच जास्त पटतो.