मायग्रेनसाठी कायरोप्रॅक्टिक कोणी करून बघितलंय का?

उजेड_नको:
नमस्कार मंडळी. कॉलेजपासून अर्धशिशी मागे लागलीये, डाव्या डोळ्यामागे ठणका, मळमळ, अंधारात पडून राहायचं. हल्ली फारच वाढलंय. अटॅक येऊ नयेत म्हणून रोज घ्यायच्या प्रोप्रॅनोलॉलने बीपी उतरून चक्कर यायला लागली म्हणून बंद केलं, आता डॉक्टर त्याच्याऐवजी टोपिरामेट म्हणतायत आणि त्याचे साइड इफेक्ट वाचून माझी हिंमत होत नाहीये. नणंद म्हणते कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके-सांधे हलवून उपचार करणाऱ्याकडे) जा, मान सेट केली की सगळं थांबतं. रील्समध्ये तर मान कडकन मोडतात आणि माणूस हसत उठतो. मला अटॅकच्या आधी मान धरतेच, म्हणून वाटतंय मूळ तिथेच असेल का? ज्यांनी केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

मानमोडी:
मी जात होते काही महिने. खरं सांगायचं तर बरं वाटतं, कवटीच्या खाली दोन्ही बाजूंना बोटं रुतवून दाबतात ना तेव्हा अक्षरशः डोळे मिटतात. मानेचा ताठरपणा पुष्कळ कमी झाला, पण पाळीच्या आधीचा अटॅक जसाच्या तसा यायचा, त्याला काही ढिम्म फरक नाही. मसाज म्हणून ठीक आहे एवढंच म्हणेन.

आकडेमोड:
यावर नॉर्वेत एक चांगला प्रयोग झालाय, 2017 ला छापून आला. 104 मायग्रेनवाले, तीन गट. एकाला खरं मणक्याचं मॅनिप्युलेशन (हाताने मणका हलवणं), दुसऱ्याला खोटं, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या कडेला नाहीतर कुल्ल्यावर नुसता दाब, आणि तिसऱ्याचे फक्त नेहमीचे औषधोपचार. पहिल्या दोन गटांना तीन महिन्यांत 12 सेशन. गंमत म्हणजे शेवटी तिन्ही गटांत मायग्रेनचे दिवस कमी झाले, नंतर औषधवाले परत होते तिथे आले, पण खरं आणि खोटं दोन्हीवाल्यांचा फायदा पुढे वर्षभर टिकला आणि दोघांत फरक काही नाही! म्हणजे फायदा झाला तो मणका हलवल्यामुळे नाही. 2019 मध्ये 6 प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा थोडा फायदा दिसला, पण ते प्रयोगच इतके कच्चे होते की लिहिणाऱ्यांनीच सांगितलं यावर फार विसंबू नका. नणंदेच्या ओळखीतलं कोणी बरं झालं असेल तर ते खोटं नसेल, पण मायग्रेन आपणहून पण वरखाली होतोच, आणि माणूस जातो तो अगदी कळस गाठल्यावर.

फिजिओ_ताई:
मी फिजिओ आहे, मानेबद्दल बोलते. मान धरणं हा बऱ्याच जणांत अटॅकचाच पहिला भाग असतो, जांभया आणि चिडचिड असते ना तसाच. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची ट्रायजेमिनल नस मेंदूच्या बुंध्याशी एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे दुखणं इकडचं तिकडे जाणवतं. खरोखर मानेतून येणारी डोकेदुखी वेगळी, ती मान फिरवली की वाढते, मान नीट वळतच नाही. तिथे हाताच्या उपचारांना अर्थ आहे. आणि तो कडकन आवाज म्हणजे सांध्यातल्या गॅसचा, हाड जागेवर बसल्याचा नाही.
मान झटक्यात पिळू मात्र देऊ नकोस बाई. मणक्यांमधून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून स्ट्रोक झाल्याच्या केसेस आहेत. दुर्मिळ आहेत, आणि दोष झटक्याचा की ती आधीच फाटत होती म्हणून मान दुखून माणूस तिथे गेला हे ठरवणं अवघड, पण अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2014 मध्ये सांगितलंय की हा धोका पेशंटला आधी सांगावा. तुला कुणी सांगितला का? मान कधी नव्हे अशी अचानक दुखायला लागली, दोन-दोन दिसलं किंवा बोलणं अडखळलं तर थेट इमर्जन्सी.
अटॅकआधी डोळ्यापुढे नागमोडी रेघा येतात का? आणि पेनकिलर किती घेतेस?

उजेड_नको:
नाही, कुणीच नाही सांगितलं 😳 रेघा येतात कधीकधी. गोळी म्हणाल तर ती पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेली, आता जवळपास दिवसाआड होतेय, ऑफिसला जायचं तर काय करणार.

आकडेमोड:
अगं मग हेच आधी बघ! मिक्स गोळ्या किंवा ट्रिप्टान (मायग्रेनच्या अटॅकवरच्या खास गोळ्या) महिन्यात 10 किंवा जास्त दिवस, साध्या पेनकिलर 15 दिवस, असं तीन महिन्यांवर चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. त्यात मान मोडून काय होणार?

फिजिओ_ताई:
+1. पण एकदम स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, सुरुवातीला दुखणं उसळतं. कोणत्या तारखेला कुठली गोळी घेतली ते लिहून न्यूरोलॉजिस्टला दाखव. रेघांचं पण सांग, गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर नक्की सांग, ऑरावाल्यांना (अटॅकआधी अशा रेघा दिसतात त्यांना) इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांनी स्ट्रोकची रिस्क वाढते. टोपिरामेट नको असेल तर ॲमिट्रिप्टिलिन आहे, सीजीआरपीची (मायग्रेनमध्ये वाढणाऱ्या त्या नावाच्या रसायनाला रोखणारी) इंजेक्शनं आहेत, विचार तरी. मानेसाठी व्यायाम मी इथे टाकते संध्याकाळी.

मानमोडी:
ताई व्यायाम नक्की टाका, मला पण हवेत.